पत्रास कारण : चियांग माईला काय खावं, काय बघावं

या वेळच्या टपालात उत्तर थायलंडची पत्रं जास्त आहेत. 'पट्टाया-फुकेत झालं, आता वरच्या अंगाला जावं म्हणतो' असा बहुतेकांचा सूर. त्या भागात मी बरीच वर्षं मराठी मंडळींच्या सहली नेल्या, त्यामुळे माझी मतं ठाम आहेत, काही हट्टीही. पटली नाहीत तर सोडून द्या. पत्रं लांब होती, त्यातला प्रश्न तेवढा ठेवलाय.

ताई, आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. ऑक्टोबरमध्ये चियांग माईला जातोय. मी शाकाहारी, अंडंही नाही. यांचा चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. दशम्या आणि मेतकुटाची वेगळी बॅग भरावी का? (सांगली)

वेगळी बॅग नको. मेतकुटाची एक पुडी न्या, मनाला आधार म्हणून. खरी तयारी जिभेची करायची आहे.

'व्हेज' हा शब्द तिथे बेभरवशाचा. फुलकोबीची परतलेली भाजी समोर येते, तुकडा एकही दिसत नाही आणि आत माशाचा सॉस असतो. विकणारीच्या लेखी ती भाजीच असते, तिनं फसवलेलं नसतं. म्हणून शब्द वापरायचा तो 'जे'. थायलंडमधल्या चिनी वंशाच्या बौद्धांचा हा आहार. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. तुमच्या यजमानांचा नियम तिथे आधीच पाळला जातोय! जे मिळणाऱ्या दुकानावर पिवळी पताका असते आणि तिच्यावर लाल रंगात इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसणारं अक्षर. ते दिसलं की निर्धास्त आत शिरायचं. काचेमागे पाच-सहा भाज्या मांडलेल्या असतात, बोटानं दाखवायचं, भातावर वाढून देतात. बटाटा, गाजर, मुळा मात्र जेमध्ये चालतात. तुमच्याबरोबर जैन मंडळी असतील तर त्यांना हे आधी सांगा.

दरवर्षी जेचा नऊ दिवसांचा उत्सवही असतो, चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात. बहुतेक वर्षी तो आपल्या शारदीय नवरात्राच्या बरोबरीनं येतो. त्यांच्याकडेही अधिक महिना असतो, त्यामुळे एखाद्या वर्षी दोन्ही लांब पडतात. २०२५ मध्ये आपलं नवरात्र सप्टेंबरअखेर होतं आणि त्यांचा उत्सव ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. तुमच्या तारखा त्यात बसल्या तर गावभर पिवळ्या पताका दिसतील आणि एरवी डुक्कर विकणारे गाडेही जे विकताना सापडतील.

जे दुकान नसेल तिथे तीन वाक्यं लागतात. 'माय साय नाम प्ला' म्हणजे माशाचा सॉस नको. 'माय साय कापी' म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी नको. 'माय साय खाय' म्हणजे अंडं नको. शेवटी तुम्ही 'खा' म्हणायचं, यजमानांनी 'ख्राप'. त्याशिवाय वाक्य उद्धट वाटतं. उच्चारांची खात्री नसेल तर हीच वाक्यं थाई लिपीत मोबाइलवर ठेवा. आणि सांगायचं ते कढई चुलीवर चढायच्या आत. समोर आलेली बशी परत पाठवणं त्यांना फार लागतं. कुणी चेहऱ्यावर दाखवत नाही, पण लागतं.

आता सापळे. खाव सॉय ही तिथली प्रसिद्ध नारळाच्या दुधातली शेवयांची वाटी, पण शेवया अंड्याच्या असतात. शाकाहारी उपाहारगृहात तांदळाच्या शेवया घालून मागा. पपईची सोमताम कोशिंबीर दिसते निष्पाप, पण तिच्यात सुकी कोळंबी कुटलेली असते. नारळाच्या दुधातलं पिवळं कस्टर्ड चिकट भातावर वाढतात, त्यात अंडं असतं. नुसता चिकट भात मात्र निर्धोक, आणि बांबूच्या नळीत नारळाचं दूध घालून भाजलेला खाव लामही. तो सोलून चालता चालता खायचा. आंब्याबरोबरचा चिकट भात ऑक्टोबरमध्ये मिळाला तरी खाऊ नका. आंब्याचा हंगाम मार्च ते जून, बाकीच्या दिवसांतला आंबा पर्यटकांसाठी असतो.

आम्ही मालवणचे. मासे-मटण सगळं चालतं. बँकॉकला पॅड थाई खाऊन कंटाळलो. उत्तरेत वेगळं काय? (कुडाळ)

सगळंच वेगळं. पहिली गोष्ट म्हणजे समुद्र लांब आहे. मालवणच्या माणसानं चियांग माईत पापलेट मागू नये, मिळालं तर त्याहून खाऊ नये. हा डोंगर-दऱ्यांचा मुलूख. जुन्या लान्ना राज्याच्या एका बाजूला ब्रह्मदेश, दुसऱ्या बाजूला लाओस आणि वर चीनचा युन्नान प्रांत. ताटात हे तिघंही उतरलेत. नारळाचं दूध कमी, सुकी मिरची, हळद, आलं आणि कडू पाला जास्त. कोळंबीच्या चटणीच्या जागी कित्येक ठिकाणी सोयाबीन आंबवून थापलेल्या आणि वाळवलेल्या चकत्या वापरतात, त्यांना तुआ नाव म्हणतात. वास उग्र, चव खोल.

सुरुवात करा वारोरोत बाजारापासून. स्थानिक लोक त्याला काद लुआंग म्हणतात. सकाळी जा, उपाशी जा. साई उआ तिथेच खायचं. डुकराच्या खिम्यात गवती चहा, मिरच्या आणि मकरूत लिंबाची पानं कुटून आतड्यात भरतात आणि कोळशावर वेटोळ्यानं भाजतात. वजनावर मिळतं, थोडंसंच मागितलं तरी कुणी नाक मुरडत नाही. शेजारी नाम प्रिक नुम घ्या. हिरव्या लांब मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे निखाऱ्यावर भाजून कुटलेले. आपल्या खानदेशी ठेच्याचा हा सख्खा चुलतभाऊच, फक्त यात माशाचा अंश असतो आणि भाकरीऐवजी डुकराची कुरकुरीत साल किंवा चिकट भाताचा गोळा. माझ्या गटात जळगावच्या एक काकू होत्या. त्यांनी विकणारीच्या खलबत्त्यात वाकून बघितलं आणि हातवारे करून 'शेंगदाणे घाल' असं सुचवलं. दोघी खूप हसल्या. शेंगदाणे अर्थातच पडले नाहीत.

मग गाएंग हांग ले. डुकराचं पोटाचं मांस, चिंच, भरपूर आलं, लोणच्यातला लसूण आणि मसाला. ब्रह्मदेशातून आलेली ही आमटी तिथल्या सणाला, नव्या घराला, मर्तिकाला सगळीकडे असते. आदल्या दिवशीची जास्त चांगली लागते. तुम्ही कोकणातले, म्हणून गाएंग खानूनही चाखा. कोवळा फणस, आपली कुयरी, बरगडीच्या मांसाबरोबर शिजवतात. नाम नियाव हा टोमॅटो आणि रक्ताच्या गोठवलेल्या तुकड्यांचा रस्सा तांदळाच्या शेवयांवर ओततात. रक्त नको असेल तर आधी सांगावं लागतं.

खाव सॉयला युन्नानमधून खेचरांच्या तांड्यांबरोबर आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांचा वारसा आहे. नाइट बाजारजवळच्या बान हो मशिदीच्या गल्लीत आजही मिळतं. वर तळलेल्या शेवया, बाजूला मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कच्चा कांदा, लिंबू आणि तेलात परतलेली मिरची. आधी रस्सा नुसता चाखा, मग लिंबू पिळा. कोंबडीचं हवं तर 'काय' म्हणा, 'नुआ' म्हणजे गोमांस. ज्यांना चालत नाही त्यांनी हा एक शब्द पाठ करून जावं. बरीचशी चांगली दुकानं दुपारी दोन-तीनला भांडी घासायला लागतात, रात्रीच्या जेवणाचा बेत यावर ठरवू नका.

टूर कंपनीनं 'खांतोक डिनर विथ कल्चरल शो' घातलंय. पैसे वसूल होतात का? आईचे गुडघे दुखतात. (नागपूर)

खांतोक म्हणजे पायाचं गोल लाकडी ताट, जुनं आणि खरं. उत्तरेकडची घरं त्याभोवती जमिनीवर बसूनच जेवायची. नाचासकट पाहुण्यांना जेवू घालण्याची रीत मात्र अलीकडची. क्राइस्री निम्मानहेमिन या चियांग माईच्या विद्वान गृहस्थांनी १९५३ साली मित्रांसाठी अशी पंगत मांडली आणि पुढे पर्यटनानं ती उचलली. म्हणून 'हजार वर्षांची परंपरा' असं कुणी माइकवर सांगितलं तर मान डोलवा आणि जेवा.

मी दर गटाला एकदा नेतेच. एकाच ताटात हांग ले, टोमॅटोचं नाम प्रिक ओंग, तळलेली कोंबडी, कोबी, चिकट भात सगळं येतं आणि वाट्या रिकाम्या झाल्या की पुन्हा भरतात. उत्तरेची चव पहिल्यांदा घेणाऱ्याला ही बरी सुरुवात. तिखट कमी करून वाढतात ही माझी तक्रार कायमची. शाकाहारी ताट मिळतं, पण आदल्या दिवशी कळवायचं. आईंसाठी खुर्चीचंही आदल्या दिवशीच विचारा. काही ठिकाणी पाय खाली सोडता येतील अशी खोलगट बैठक असते. भात उजव्या हातानं खायचा, छोटा गोळा दाबून रश्श्यात बुडवायचा. आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही, शेजारच्या टेबलावरचे युरोपियन आपल्याकडे बघून शिकतात. बोटांना लांब पितळी नखं लावून संथ नाच होतो तो फॉन लेप. मागून येणाऱ्या तलवारींच्या नाचापेक्षा तोच नीट बघा.

चियांग माईत तीनशे देवळं आहेत म्हणे. बघायची किती? बायकांना कुठे बंदी आहे का? (पुणे)

दिवसाला दोन. तिसऱ्या देवळात माणूस फक्त चपला काढतो आणि घालतो.

राजा मांगराईनं १२९६ साली हे शहर वसवलं. जुन्या गावाला चौकोनी खंदक आहे आणि आतलं सगळं पायी होतं. माझी निवड अशी. वाट म्हणजे देऊळ. वाट चेदी लुआंगचा भव्य स्तूप १५४५ च्या भूकंपात वरून कोसळला आणि तुटलेलाच ठेवलाय. तिथल्या आवारात भिक्षू पाहुण्यांशी गप्पा मारायला बसतात. त्यांना इंग्रजीचा सराव हवा असतो, आपल्याला प्रश्न विचारायचे असतात. माझ्या मते हा गावातला सर्वांत चांगला तास, आणि फुकट. आपण भारतातून आलो म्हटल्यावर पहिला प्रश्न बोधगयेचाच येतो.

त्यावरून वाट चेत योत. पंधराव्या शतकात राजा तिलोकराजानं बोधगयेच्या महाबोधी मंदिराच्या धर्तीवर ते बांधलं, वर सात शिखरं. १४७७ साली तिथे बौद्ध परिषद भरली होती. हमरस्त्याला लागून असूनही गर्दी नसते. बाहेरच्या भिंतींवर चुन्यात घडवलेल्या देवता बघत राहाव्यात अशा आहेत. आपल्याकडून गेलेल्या माणसानं डोंगरावरच्या दोई सुथेप देवळाच्या आधी इथे जावं असं मी म्हणते, आणि दरवेळी कुणीतरी कुरकुरतं.

दोई सुथेप चुकवायचं नाहीच. शहरापासून साधारण पंधरा किलोमीटर, डोंगरावर. दोन बाजूंना नाग आणि मधे तीनशेच्या वर पायऱ्या. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी विजेची गाडी वर जाते. पाठीवर अवशेष घेतलेला पांढरा हत्ती इथवर चढला, तीनदा ओरडला आणि कोसळला, तिथे देऊळ झालं, अशी कथा. मला त्या कथेपेक्षा रस्त्याची हकिगत आवडते. १९३४-३५ मध्ये ख्रुबा श्रीविचय या भिक्षूच्या शब्दावर गावोगावचे लोक कुदळी-फावडी घेऊन आले आणि काही महिन्यांत श्रमदानानं डोंगरावर रस्ता नेला. पायथ्याशी त्यांचा पुतळा आहे. वर जाणारा प्रत्येक सोंगथेव, म्हणजे मागे दोन बाकांची लाल गाडी, तिथे हात जोडून पुढे निघते.

बंदीचं उत्तर : चेदी लुआंगच्या आवारातल्या नगरस्तंभाच्या मंदिरात आणि वुआलाई भागातल्या चांदीच्या वाट श्री सुफानच्या मुख्य गाभाऱ्यात बायकांना प्रवेश नाही. मला हे पटत नाही, पण बाहेरून चांदीचं ठोकणकाम बघते आणि शेजारी काम करणाऱ्या कारागिरांकडे जाते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, आणि बायकांनी भिक्षूच्या हातात थेट वस्तू द्यायची नाही, समोर ठेवायची.

रविवार असेल तर संध्याकाळी था फे दरवाजापासून राचादामनोन रस्त्यावर पायी बाजार भरतो. रस्त्यालगतच्या काही देवळांची आवारंच तेव्हा खाऊगल्ली होतात. वाट फान ओनमध्ये सोनेरी स्तूपाच्या सावलीत बसून खाता येतं. रविवारचं जेवण तिथेच.

आकाशात हजारो कंदील सोडतात तो सण नेमका कधी? तिकीट घ्यावं का? (बंगळुरू)

यी पेंग. कालनिर्णय काढा आणि त्रिपुरी पौर्णिमा बघा, बहुतेक तोच दिवस. २०२४ ला १५ नोव्हेंबर, २०२५ ला ५ नोव्हेंबर. एकाच वेळी हजारो कंदील सोडण्याचे जे फोटो दिसतात ते शहराबाहेरच्या तिकिटाच्या कार्यक्रमांचे. किंमत भारी, जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो आणि परतताना वाहतुकीत अडकायला होतं. मी गट नेत नाही. शहरात त्या रात्री खंदकाच्या कडेनं आणि तीन राजांच्या पुतळ्यापाशी मातीच्या पणत्या लावतात, पिंग नदीत केळीच्या खोडावर फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती ठेवून क्राथोंग सोडतात. घरी त्रिपुर पाजळणाऱ्या माणसाला एवढं पुरे. शहरात कुठेही कंदील उडवायला परवानगी नसते, आणि त्या रात्रीची कित्येक विमानं रद्द होतात किंवा वेळ बदलतात. परतीचं तिकीट पौर्णिमेच्या रात्रीचं काढू नका.

मुलांना हत्तीवर बसायचंय आणि 'लांब मानेच्या बायकांचं' गाव बघायचंय. (नवी मुंबई)

दोन्हीला माझा नकार, आणि मुलांना कारण सांगा, मुलं समजतात. थायलंडनं १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी आणली. ओंडके ओढणारे हत्ती आणि माहूत एका फटक्यात बेकार झाले, आणि पर्यटकांना पाठीवर घेणं हा त्यांचा धंदा झाला. हत्ती बघायचे तर जिथे स्वारी नाही, खेळ नाहीत आणि लांबून बघायला लावतात तिथे जा. आंघोळ घालायला देणारी 'अभयारण्यं' खूप निघालीत, पण दिवसातून चार वेळा आंघोळ हत्तीला कशाला हवी?

त्या बायका कायान समाजाच्या. त्यांची कुटुंबं ब्रह्मदेशातल्या लढाईतून पळून १९८० च्या दशकापासून इकडे आली. मान लांब होत नाही, कड्यांच्या वजनानं गळ्याचं हाड खाली दाबलं जातं. तिकीट काढून त्यांच्या दारात फोटो काढायला मला जमत नाही. त्याऐवजी बो सांगला जा. तुतीच्या सालीच्या कागदाच्या छत्र्या बनवतात, मुलांना रंगवायलाही देतात.

चियांग राईचं पांढरं देऊळ एका दिवसात होतं का? (कोल्हापूर)

होतं, पण जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत. चलेमचाई कोसितपिपात या चित्रकारानं १९९७ पासून बांधायला घेतलेलं वाट रोंग खुन, आणि त्याच्या अगदी उलट स्वभावाचं, हाडं-कातड्यांनी भरलेलं, थवान दुचानी यांचं काळं घर बान दाम, ही दोन एकाच फेरीत बघायची. राहायची तयारी असेल तर एक रात्र तिथे काढा. वेळच नसेल तर चियांग राई सोडा आणि लाम्फूनला जा. सव्वीस किलोमीटर, हरिपुंचाईचा सोनेरी स्तूप, आणि जुन्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना भगवं वस्त्र गुंडाळलेली उंच यांगची झाडं.

शाळेच्या सुट्टीत एप्रिलमध्ये गेलो तर? (ठाणे)

नको. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जळतात, डोंगर धुरात गडप होतात, घसा धरतो. एप्रिलच्या १३ ते १५ ला सोंगक्रानची पाण्याची धमाल असते, तेवढ्यासाठी धूर सोसायचा की नाही ते तुम्ही ठरवा. त्यापेक्षा मेच्या उत्तरार्धात जा. दुपारी पाऊस येतो, हवा धुतली जाते, आणि आंबा असतो.

बँकॉकहून विमानानं जावं की रेल्वेनं? (नाशिक)

एका बाजूनं रेल्वे. संध्याकाळी बँकॉकहून निघालेली शयनयान गाडी ७५१ किलोमीटर कापून सकाळी पोचते. दुसऱ्या वर्गात खालचा बर्थ घ्या, थोडा महाग पण रुंद, आणि खिडकी त्यालाच असते. लाम्पांग सोडल्यावर उजाडायच्या सुमारास १,३५२ मीटरचा खुन तान बोगदा लागतो, १९१८ मध्ये पुरा झालेला. त्याच्या आधी जागे व्हा, कारण पलीकडे डोंगर सुरू होतात. थंडीच्या दिवसांत खालचे बर्थ लवकर संपतात, तेव्हा विमानाच्या आधी हे तिकीट काढा. आणि डब्यातला एसी कडक असतो, शाल वरच्या बॅगेत ठेवू नका.